बिजलीचे पाय, मोतीचे वजन आणि आबांची माया

प्रश्न : आम्ही शहादा तालुक्यात राहतो. माझे सासरे, ज्यांना आम्ही आबा म्हणतो, घोड्यांचे जुने शौकीन आहेत. आमच्याकडे बिजली नावाची नऊ वर्षांची कुमैत मारवाडी घोडी आहे आणि दसऱ्यापासून सारंगखेड्याच्या यात्रेसाठी तिची तयारी सुरू आहे. दोन वेळा तोबरा भरून भरडलेला मका आणि हरभरा, वरून गूळ व तूप आणि दिवसभर हिरवा मका व लसूणघास असा तिचा खुराक आहे. अंगाला तकाकी आली आहे. मात्र गेल्या चार दिवसांपासून ती डांबरी रस्त्यावर जपून पाय टाकते, वळताना अडखळते आणि उभी असताना पुढचे दोन्ही पाय पुढे काढून मागे रेलते. आबा म्हणतात की नाल घट्ट बसली असेल, जरा फिरवली की मोकळी होईल. घरात मोती नावाचा सहा वर्षांचा लॅब्रॅडॉरही आहे. त्याचे वजन ४३ किलो झाले असून तो जिन्यात मध्येच थांबतो. डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “मुक्या जिवाच्या तोंडचा घास काढायचा का?” मी या विषयावरील परदेशातील संशोधन वाचते, पण घरात बोलले की ‘सून जनावरांच्या खाण्यावर नजर ठेवते’ असे होते. ते संशोधन आपल्याकडच्या जनावरांना लागू पडते का? आणि आबांना न दुखावता हे सांगायचे कसे?

उत्तर : ताई, तुमचे पत्र आणि सोबतचे बिजलीचे छायाचित्र मिळाले. तातडीच्या सूचना मी तुम्हाला त्याच दिवशी कळवल्या होत्या, कारण हे उत्तर छापून येईपर्यंत थांबणे बिजलीला परवडणारे नव्हते. दारात घोडे असलेल्या इतर वाचकांनाही त्या उपयोगी पडतील, म्हणून सुरुवात त्यांपासूनच करतो.

पुढचे दोन्ही पाय पुढे काढून मागच्या पायांवर भार घेणे, कठीण जमिनीवर जपून चालणे आणि वळताना अडखळणे ही तीन लक्षणे एकत्र दिसली की पशुवैद्य सर्वप्रथम लॅमिनायटिसचा, म्हणजे खुराच्या आतील पापुद्र्यांच्या विकाराचा संशय घेतो. नाल घट्ट बसलेली असेल तर सहसा नाल मारल्यानंतर एकदोन दिवसांतच आणि बहुधा एकाच पायाला त्रास दिसतो. दोन्ही पुढचे पाय एकाच वेळी धरले जाणे हे वेगळे चिन्ह आहे. अशा घोडीला ‘मोकळी करण्यासाठी’ फिरवू नये. तिला आहे तिथेच, निदान सहा-आठ इंच जाडीच्या मऊ वाळूवर किंवा भुश्यावर उभी राहू द्यावी. आडवी झाली तर उठवू नये. मका, हरभरा, गूळ आणि हिरवा चारा पूर्णपणे बंद करावा. पुढचे दोन्ही पाय निम्म्या नळीपर्यंत बुडतील अशा टबात बर्फाचे पाणी भरून ते सलग थंड ठेवावे; तासाभराचा शेक देऊन थांबू नये, तर पहिले दोन-तीन दिवस जितके सातत्य राखता येईल तितके राखावे. हा उपाय जितका लवकर सुरू होतो तितका त्याचा उपयोग अधिक होतो. वेदनाशामक औषध पशुवैद्यानेच द्यावे. घरात माणसांसाठी असलेली गोळी घोडीला किंवा कुत्र्याला देऊ नये, विशेषतः आयबुप्रोफेन कुत्र्याला तर कधीच नाही.

आणखी एक खबरदारी घ्यायला हवी. खुराक बंद करायचा याचा अर्थ घोडीला उपाशी ठेवायचे असा नव्हे. अंगावर चरबी असलेला घोडा एकाएकी उपाशी राहिला तर ती चरबी रक्तात उतरते, यकृत निकामी होऊ शकते आणि त्यात जनावर दगावते. बिजलीला वाळलेले गवत मिळत राहिले पाहिजे, मात्र ते मोजून.

आता हे खुरात घडते कसे, ते सांगतो, कारण आबांना पटवायचे असेल तर ‘डॉक्टरांनी सांगितले’ एवढे पुरणार नाही. शिकत असताना शवविच्छेदनाच्या वेळी मी पहिल्यांदा उभा कापलेला घोड्याचा खूर पाहिला आणि तो आजही माझ्या डोळ्यांसमोर आहे. बाहेरची शिंगासारखी टणक भिंत आणि आतले हाड यांच्यामध्ये अळंबीच्या छत्रीखाली असतात तशा बारीक, उभ्या, एकमेकींत गुंतलेल्या घड्यांची रांग होती. एका खुरात अशा मुख्य घड्या ५५० ते ६०० असतात आणि प्रत्येक घडीवर पुन्हा दीड-दोनशे सूक्ष्म घड्या असतात. घोडा आपल्या तळव्यावर उभा असतो असे आपल्याला वाटते, पण खरे तर त्याचे खुरातले हाड या घड्यांच्या आधाराने खुराच्या भिंतीला आतून टांगलेले असते. चारशे किलोचा भार त्या घड्या पेलतात. त्या ताणल्या, सैल झाल्या की हाड आपल्या जागेवरून खाली सरकू लागते किंवा त्याचे टोक तळव्याकडे वळते. मी पाहिलेल्या त्या खुरात हाडाचे टोक तळव्याच्या इतके जवळ आले होते की मध्ये जेमतेम नखाएवढी जाडी उरली होती. ते जनावर अखेरचे काही दिवस कसे उभे राहिले असेल, या विचाराने मला त्या रात्री जेवण गेले नव्हते.

या घड्या सैल का पडतात? पूर्वी असे मानले जाई की धान्याच्या कोठीत तोंड घालून अतोनात दाणा खाल्लेल्या घोड्यालाच हा आजार होतो. तसे होतेही, कारण पचू न शकलेले पिष्ट मोठ्या आतड्यात जाऊन आंबते आणि तेथून सगळ्या शरीरात विकार पसरतो. परंतु २००७ साली ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड येथील संशोधकांनी एक वेगळीच गोष्ट दाखवून दिली. त्यांनी निरोगी तट्टांच्या रक्तात इन्सुलिनचे प्रमाण सतत उंच ठेवले आणि साखर मात्र नेहमीच्या पातळीवरच राहील अशी व्यवस्था केली. ज्यांना इन्सुलिन दिले त्या प्रत्येक तट्टाला तीन दिवसांच्या आत लॅमिनायटिस झाला. आतड्यात काही बिघाड नव्हता, विषबाधा नव्हती. नुसते रक्तात वाढलेले इन्सुलिन त्या घड्या सैल करायला पुरेसे ठरले. आज पशुवैद्यक असे मानते की लॅमिनायटिसच्या बहुसंख्य रुग्णांमध्ये मुळाशी इन्सुलिनचा हाच दोष असतो.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर यातच आहे. संशोधन ऑस्ट्रेलियातील तट्टांवर झाले असले तरी खुरातल्या घड्या आणि रक्तातले इन्सुलिन मारवाडी घोडीतही त्याच रीतीने काम करतात. मका, गूळ आणि साखरयुक्त हिरवा चारा रोज दोनदा पोटात जातो तेव्हा दरवेळी रक्तात इन्सुलिनची लाट उठते. अंगावर चरबी चढू लागते तसतशी ती लाट अधिक उंच होते आणि ओसरायला अधिक वेळ घेते. दसऱ्यापासून बिजलीच्या बाबतीत हेच चालले असावे. हा अंदाज पक्का करण्यासाठी तुमच्या डॉक्टरांना दोन गोष्टी विचारा : खुराचा बाजूने एक्स-रे काढता येईल का आणि रक्तातील इन्सुलिनची तपासणी करता येईल का. तुमच्या भागात ती सोय नसेल तर मुंबईतील परळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय किंवा परभणी, शिरवळ येथील महाविद्यालये यांच्याशी तुमच्या डॉक्टरांनी फोनवर बोलून घ्यावे. मात्र घोडीला या अवस्थेत गाडीत घालून इतक्या दूर नेऊ नये. यात्रेच्या तयारीसाठी कोणी ‘ताकदीचे’ इंजेक्शन दिले असेल तर तेही डॉक्टरांना न लपवता सांगा, कारण त्यात स्टेरॉइड असल्यास उपचाराची दिशा बदलू शकते. जुने नाल काढायचे की ठेवायचे, तळव्याला आधार कसा द्यायचा, हे नालबंदाने एक्स-रे पाहिल्यानंतर डॉक्टरांसमोर ठरवावे.

तुम्ही रोज करण्यासारखी एक तपासणी सांगतो. खुराच्या वर जो पहिला ठसठशीत सांधा असतो, त्याच्या मागच्या दोन्ही कडांवर बोटे हलकेच टेकवा. तेथे दोरीसारखी शीर लागते. निरोगी घोड्यात तिचे ठोके इतके मंद असतात की ते शोधावे लागतात. लॅमिनायटिसमध्ये ते बोटाला धक्का देतात. सकाळ-संध्याकाळ हे ठोके पाहून नोंदवले तर औषध लागू पडते आहे की नाही, हे तुम्हाला कळत राहील.

घोडा दुखणे लपवतो. रानात दुबळेपणा दाखवणारा प्राणी शिकाऱ्याच्या नजरेत भरतो, त्यामुळे न दाखवणे हा त्याचा स्वभाव झाला आहे. म्हणूनच इटलीतील मिलान येथील संशोधकांनी २०१४ मध्ये घोड्याच्या चेहऱ्यावरून वेदना ओळखण्याची जी पद्धत प्रसिद्ध केली तिचे मला फार मोल वाटते. तिच्यात सहा गोष्टी पाहतात : कान ताठरून मागे वळलेले आहेत का, डोळे अर्धवट मिटलेले आहेत का, डोळ्यांच्या वरचा भाग ताणलेला आहे का, जबड्याचे स्नायू कडक दिसतात का, ओठ आवळून हनुवटी टोकदार झाली आहे का आणि नाकपुड्या ताणलेल्या आहेत का. पुढे त्याच गटाने लॅमिनायटिसच्या घोड्यांवरही ही पद्धत वापरून पाहिली. तुम्ही पाठवलेल्या छायाचित्रात मी बिजलीचे अंग पाहण्याआधी तिचा चेहरा पाहिला. तिचे कान बाजूला आणि मागे गेलेले आहेत, वरची पापणी खाली आली आहे आणि नाकपुडी गोल नसून उभट ओढलेली आहे. आबांना हे छायाचित्र दाखवा आणि शेजारी तिचे मागच्या वर्षीचे एखादे छायाचित्र ठेवा. त्यांनी तिला रोज पाहिले आहे. फरक त्यांच्या डोळ्यांना तुमच्याआधी दिसेल.

येथून मी तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो आणि माझ्या मते तोच अधिक अवघड आहे. आबा बिजलीवर जीव टाकतात, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. सारंगखेड्याला तापीच्या काठी दत्तजयंतीला घोड्यांचा जो बाजार भरतो, तेथे भरलेले पुठ्ठे, गोल मानगूट आणि चकाकती कातडी पाहूनच लोक थांबतात. पिढ्यान्‌पिढ्या ‘अंगावर मांस धरले आहे’ हे मालकाच्या निगुतीचे प्रमाणपत्र मानले गेले आहे आणि ज्या काळात दुष्काळात जनावरे हाडांवर येत, त्या काळात ते बरोबरही होते. आज मात्र त्याच नजरेला चरबी आणि मांस यांतला फरक दिसेनासा झाला आहे. हे केवळ आपल्याकडचे नाही. इंग्लंडमधील लिव्हरपूल विद्यापीठाच्या संशोधकांनी घोडेमालकांशी सविस्तर बोलून असे पाहिले की अनेक मालक आपल्या घोड्याच्या चरबीला लठ्ठपणा म्हणतच नाहीत. ‘तो मुळातच भरदार जातीचा आहे’ असे ते मनापासून सांगतात आणि आजार उद्भवल्यावरच त्यांना ती चरबी दिसू लागते. कुत्र्यांच्या मालकांविषयीही असाच अनुभव वारंवार आला आहे : ज्या कुत्र्याला पशुवैद्य लठ्ठ ठरवतो त्याला मालक ‘ठीक’ म्हणतो. प्रेमाने रोज पाहणाऱ्याच्या डोळ्यांना हळूहळू होणारा बदल जाणवत नाही, एवढाच याचा अर्थ आहे. त्यात कोणाचा हलगर्जीपणा नसतो.

म्हणून डोळ्यांऐवजी हाताला काम द्यावे. अमेरिकेतील टेक्सास येथे हेनिके यांनी १९८३ मध्ये घोड्याच्या अंगावरील चरबी जोखण्यासाठी एक ते नऊ अशी श्रेणी मांडली, जी आज जगभर वापरली जाते. एक म्हणजे हाडांचा सापळा, नऊ म्हणजे अतिलठ्ठ आणि पाच म्हणजे हवी तशी अंगकाठी. तिच्यात मान, खांद्यामागचा भाग, बरगड्या, पाठ आणि शेपटीचे मूळ हाताने चाचपून पाहायचे असते. बरगड्या डोळ्यांना दिसू नयेत, पण बोटांना सहज लागाव्यात. एक सोपी खूण सांगतो. आपल्या उघड्या हाताच्या मागच्या बाजूवरून बोटे फिरवा. तेथे हाडे जशी लागतात तशाच जनावराच्या बरगड्या लागल्या तर ते ठीक आहे. मूठ वळून उंचवट्यांवरून बोटे फिरवल्यावर लागते तसे वाटले तर ते रोड आहे. आणि तळहाताच्या अंगठ्याखालच्या गादीवरून फिरवल्यासारखे वाटले तर चरबी झाली आहे. ही खूण घोड्याला लागू पडते आणि कुत्र्यालाही.

बिजलीच्या बाबतीत मानगुटीवर खास लक्ष द्या. आयाळीच्या मुळाशी जो कठीण, एका बाजूला कललेला उंचवटा छायाचित्रात दिसतो, त्याला पुष्कळ लोक डौल समजतात. तो चरबीचा साठा आहे आणि इन्सुलिनचा दोष असलेल्या घोड्यांत तो हमखास आढळतो.

वजनासाठी काटा लागत नाही, शिंप्याची टेप पुरते. पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजा. नंतर खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या टोकापर्यंत लांबी मोजा. घेराला घेराने गुणा, आलेल्या संख्येला लांबीने गुणा आणि ११,८८० ने भागा. घेर १७८ आणि लांबी १५० असेल तर वजन साधारण ४०० किलो निघते. एवढ्या वजनाच्या घोडीला वजन उतरवताना दिवसाला तिच्या वजनाच्या दीड टक्का, म्हणजे सहा किलो कोरडा चारा लागतो. गवतात थोडी ओल असतेच, म्हणून काट्यावर सुमारे पावणेसात किलो वाळलेले गवत धरा. ते तासभर पाण्यात भिजवून ते पाणी टाकून द्यावे, त्यामुळे त्यातली बरीच साखर निघून जाते. बारीक छिद्रांच्या जाळीत भरून चार-पाच वेळा विभागून दिले तर तोंड दिवसभर हलते राहते. घोड्याची पचनसंस्था थोडे थोडे, सतत चरण्यासाठी घडलेली आहे, दोन भरलेल्या तोबऱ्यांसाठी नव्हे. मीठ आणि खनिज मिश्रण किती द्यायचे ते डॉक्टर सांगतील.

मोतीचे संकट बिजलीइतके तातडीचे नाही, पण त्याच्या बाबतीत मिळालेला पुरावा इतका स्पष्ट आहे की तो सासूबाईंनाही सांगण्यासारखा आहे. अमेरिकेत एका पशुखाद्य कंपनीच्या संशोधकांनी ४८ लॅब्रॅडॉर पिल्लांच्या २४ जोड्या केल्या, त्याही एकाच वेतातल्या भावंडांच्या. जोडीतल्या एकाला जितके खाणे मिळे, त्याच्या पाऊणपट दुसऱ्याला देत. हे सगळे आयुष्यभर चालले आणि निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. जास्त खाणाऱ्या गटाचे मध्यम आयुर्मान ११.२ वर्षे भरले आणि कमी खाणाऱ्या गटाचे १३ वर्षे. सांधेदुखीसाठी कायमचे औषध सुरू करण्याची वेळही कमी खाणाऱ्यांवर सुमारे तीन वर्षे उशिरा आली. यात मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हे की जास्त खाणारी कुत्री काही अवाढव्य नव्हती. नवाच्या श्रेणीवर ती सरासरी पावणेसातच्या जवळ होती. आपल्याकडे रस्त्यात भेटणारा माणूस अशा कुत्र्याला ‘चांगला तब्येतीत आहे’ म्हणाला असता. ‘मुक्या जिवाच्या तोंडचा घास’ असे सासूबाई म्हणतात त्याला उत्तर द्यायचे झाले, तर त्या पाव हिश्श्याच्या बदल्यात त्या कुत्र्यांना जवळजवळ दोन वर्षे अधिक मिळाली.

मोती ताटाकडे ज्या नजरेने पाहतो, ती नजर मात्र खोटी नाही. केंब्रिज विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवले की सुमारे एक चतुर्थांश लॅब्रॅडॉरमध्ये पीओएमसी नावाच्या जनुकातील १४ अक्षरांचा तुकडा गळालेला असतो आणि त्यामुळे पोट भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत नीट पोहोचत नाही. असे कुत्रे जेवून उठले तरी लवकरच पुन्हा भुकेले असते; त्याच गटाच्या पुढच्या कामातून असेही दिसले की ते विश्रांतीत ऊर्जाही कमी जाळते. तेव्हा मोतीला ‘हावरट’ म्हणू नका आणि सासूबाईंना ‘लाडावून ठेवला’ असेही म्हणू नका. त्याची भूक खरी असू शकते, आणि म्हणूनच त्याचे खाणे घरातल्या माणसांनी ठरवावे लागते.

पत्रात तुम्ही त्याचे दिवसभराचे खाणे लिहिले आहे, त्याचा हिशेब मी मांडून पाहिला. सकाळच्या चहाबरोबर चार ग्लुकोज बिस्किटे म्हणजे सुमारे १०० कॅलरी, तूप लावलेल्या तीन पोळ्या म्हणजे सुमारे ४००, वाटीभर म्हशीचे दूध सुमारे २५० आणि संध्याकाळचे कोरडे खाद्य सुमारे ७५०. बेरीज दीड हजारावर जाते. ३३ किलो हे त्याचे योग्य वजन धरले तर वजन उतरवण्यासाठी त्याला दिवसाला साधारण साडेनऊशे कॅलरींपासून सुरुवात करावी लागेल. म्हणजे संध्याकाळचे खाद्य एवढेच त्याचे जेवण धरले तर ते मुळात जेमतेम आहे. वजन वाढवणारा सगळा भाग प्रत्येकाने आपापल्या हाताने दिलेला आहे आणि कोणालाही दुसऱ्याने काय दिले हे माहीत नाही. थायरॉइडची रक्ततपासणी करून घ्या, म्हणजे तो दोष असल्यास कळेल. त्यानंतर रोज सकाळी त्याचे पूर्ण दिवसाचे खाद्य स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून एका डब्यात काढून ठेवा. वाटीने किंवा मापाने घेतलेले खाद्य हमखास कमीजास्त होते. ज्याला मोतीला काही द्यायचे असेल त्याने त्याच डब्यातून द्यावे आणि डबा रिकामा झाला की दिवस संपला. त्याशिवाय काकडी, गाजर, उकडलेली फरसबी चालेल. कांदा, द्राक्षे आणि मनुका कधीही देऊ नयेत. आठवड्याला वजनाच्या एक ते दीड टक्का, म्हणजे चारशे ते साडेसहाशे ग्रॅम उतरले की पुरे. ग्लासगो येथील संशोधकांनी सांधेदुखी असलेल्या लठ्ठ कुत्र्यांत असे पाहिले की मूळ वजनाच्या सहा टक्क्यांच्या आसपास घट झाली तेव्हाच लंगडणे कमी होऊ लागले होते. मोतीच्या बाबतीत हे जेमतेम अडीच किलो होतात. सासूबाईंना दहा किलोंचे ध्येय सांगू नका, अडीच किलोंचे सांगा. दीड-दोन महिन्यांनी तो जिना न थांबता चढला तर पुढचे तुम्हाला काही सांगावे लागणार नाही.

राहता राहिले आबा. माणसाला त्याची चूक पुराव्यासकट दाखवली की तो बदलतो, असा आम्हा डॉक्टरांचा बरीच वर्षे समज होता. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी १९८३ मध्ये दारू सोडू पाहणाऱ्या लोकांच्या संदर्भात वेगळी पद्धत मांडली : समोरच्याला युक्तिवादाने कोंडीत पकडायचे नाही, तर त्याला प्रश्न विचारायचे, त्याचे म्हणणे पूर्ण ऐकायचे आणि बदलाची कारणे त्याच्याच तोंडून येऊ द्यायची. ही पद्धत आता पशुवैद्यांनाही शिकवली जाते आणि माझा स्वतःचा अनुभव असा की ती आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांच्या बाबतीत विशेष उपयोगी पडते, कारण आपल्याकडे धाकट्याने थोरल्याला शिकवणे हेच मुळात अवघड असते.

तेव्हा आबांना संशोधन वाचून दाखवू नका. त्यांना विचारा, “आबा, तुमच्या लहानपणी घरच्या घोड्यांना चंदी किती घालायचे आणि ते दिवसाला किती चालायचे?” माझा अंदाज आहे की ते स्वतःच सांगतील, तेव्हाचा घोडा दिवसभर राबायचा आणि त्याला मूठ-दोन मूठ हरभरा मिळायचा. बिजली वरातीला आणि यात्रेला सोडली तर दावणीलाच असते. हे वाक्य तुम्ही उच्चारू नका, ते त्यांना उच्चारू द्या. नंतर विचारा, “तुम्हाला तिच्या चालण्यात काय वेगळे दिसते?” आणि मग थांबा. शांतता लांबली तरी मध्ये बोलू नका. हे सगळे शक्य असेल तर तुमच्या यजमानांनी आणि डॉक्टरांनी विचारावे. सुनेने विचारले की प्रश्नालाही टोमण्याचा वास येतो, याची तुम्हाला कल्पना आहेच आणि त्यात तुमचा दोष नाही.

दुसरी गोष्ट, त्यांच्याकडून खुराक काढून घ्याल तर त्या जागी त्यांच्या हाताला दुसरे काही द्या. तोबरा भरणे हा त्यांचा बिजलीशी बोलण्याचा मार्ग आहे. तो नुसता बंद केला तर ते रात्री उठून गुपचूप गूळ घालतील आणि तुमच्यात व त्यांच्यात कायमची अढी पडेल. गवत भिजवणे, तोलणे, जाळीत भरणे, टबातला बर्फ बदलणे, खुराच्या वरचे ठोके मोजणे, पंधरा दिवसांनी टेप लावणे ही सगळी कामे त्यांच्याकडे द्या. खरारा तर त्यांचाच आहे. तकाकी तुपाने येते तितकीच रोजच्या खराऱ्यानेही येते, हे त्यांना तुमच्यापेक्षा चांगले ठाऊक असेल.

सारंगखेड्याला बिजलीला या वर्षी नेता येणार नाही, हे मात्र मऊ शब्दांत गुंडाळून सांगण्याजोगे नाही. ट्रकमधला तोल सावरण्याचा ताण आणि बाजारातली कठीण जमीन या दोन्हींनी सैल झालेल्या घड्या सुटू शकतात आणि मग ती घोडी पुन्हा उभी राहील याची हमी कोणीही देणार नाही. बरे होण्यास काही महिने लागतात, कारण खूर वरून खाली पूर्ण नवा यायला नऊ महिन्यांपासून वर्षापर्यंतचा काळ जातो. हा निरोप डॉक्टरांनी आबांना एकट्याने बसवून द्यावा, चार लोकांसमोर नाही. यात्रेत ज्यांच्यासमोर घोडी उभी करायची होती त्यांना काय सांगायचे, हा आबांच्या मनातला खरा सल असणार. त्यावर त्यांना बोलू द्या. त्यांना यात्रेला मात्र अवश्य जाऊ द्या, घोडी न घेता. बाजारातल्या दहा घोड्यांची मानगूट आणि बरगड्या त्यांनी नुसत्या डोळ्यांनी न पाहता हाताने चाचपून याव्यात, असे मी सांगितले आहे म्हणून कळवा.

तुमच्या डॉक्टरांशी माझे बोलणे झाले आहे आणि एक्स-रेची व्यवस्था ते करत आहेत. तोपर्यंत बिजलीच्या पायांचे सकाळ-संध्याकाळचे ठोके एका वहीत लिहून ठेवा. शक्य झाल्यास ते आबांच्या अक्षरात असू द्या. आठवडाभराच्या नोंदी माझ्याकडे पाठवल्यात की बर्फ कधी थांबवायचा आणि तिला वाळूवरून कधी हलवायचे, हे डॉक्टरांशी बोलून कळवतो.